मागचा मेन सील आणि ऑईलचे बोट

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता साताऱ्याजवळच्या आमच्या गॅरेजमध्ये एक दहाचाकी ट्रक आला. इंजिन सहा सिलिंडरचे ५.९ लिटर कमिन्स, गाडी जुनी पण निगराणीतली, आणि चालवणारा स्वतःच मालक. पुण्याहून कोल्हापूरकडे माल घेऊन येताना खंबाटकीच्या चढावर त्याची गाडी एकाएकी ओढेनाशी झाली होती. इंजिनाचा आवाज चढत होता, पण गाडीचा वेग वाढत नव्हता, आणि केबिनमध्ये क्लचच्या जळक्या लायनिंगचा वास भरला होता. कसाबसा घाट चढून तो आमच्यापर्यंत पोचला आणि उतरल्या उतरल्या म्हणाला, "दादा, चार महिन्यांपूर्वीच क्रँकचा मागचा सील बदललाय. तरी परत ऑईल गळतंय. आता क्लचपण गेला वाटतं."

ज्यांनी हा सील कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या जोराने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा; आम्ही त्याला नुसते क्रँक म्हणतो. त्याचे मागचे टोक ब्लॉकमधून बाहेर येते आणि त्यावर फ्लायव्हील हे जड चाक बोल्टने बसवलेले असते. आतल्या बाजूला ऑईल सतत उडत असते आणि बाहेरच्या बाजूला क्लच पूर्ण कोरडा राहावा लागतो. या दोन्हींच्या मध्ये, मिनिटाला दोन-अडीच हजार फेरे घेणाऱ्या क्रँकला टेकून बसलेले बशीएवढे एक कडे असते, तोच हा मागचा मेन सील. वस्तू हातात हलकी लागते आणि गाडीच्या इतर खर्चांपुढे तिची किंमतही किरकोळ आहे, पण तिच्यापर्यंत पोचायचे तर प्रोपेलर शाफ्ट, गिअर बॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील हे सारे उतरवावे लागते. दोन माणसांचा पुरता दिवस त्यात जातो आणि गाडी उभी राहते ती वेगळीच. म्हणूनच हे काम एकदा केल्यावर चार महिन्यांत पुन्हा करायची वेळ येणे मला फार गंभीर वाटते. ज्याची एकच गाडी आहे, त्याच्या घरचा महिना त्यात कोलमडतो.

वस्ताद गिअर बॉक्स उतरवायच्या तयारीला लागले होते. ते माझ्या वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे आहेत, वय सत्तरीच्या घरात आहे आणि मी पाना धरायला त्यांच्याकडूनच शिकलो. तरीही मी त्यांना थांबवले. मागच्या सीलच्या कामात एकदा गिअर बॉक्स खाली आला की गळतीचे मूळ शोधण्याचा सर्वांत चांगला मार्ग बंद होतो, कारण त्यानंतर इंजिन चालवून पाहता येत नाही. जे काही ऐकायचे, पाहायचे आणि हुंगायचे आहे ते त्याआधीच उरकावे लागते.

आम्ही इंजिनाची मागची बाजू डिझेलने धुतली, हवेने वाळवली, जोडांवर टाल्कम पावडर मारली आणि इंजिन गरम होईपर्यंत चालू ठेवले. चालत्या गाडीखालचा वारा ऑईल मागे मागे पसरवत नेतो, त्यामुळे वर टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून पाझरलेले ऑईलही अखेर बेल हाऊसिंगच्या, म्हणजे क्लचभोवतीच्या घराच्या, तळाशी येऊन टपकते आणि दोष मात्र मागच्या सीलवर जातो. टर्बोचा ऑईल रिटर्न पाइप आणि ऑईल चेंबरच्या गॅस्केटचा मागचा कोपरा, हे दोघेही असाच चकवा देतात. बेल हाऊसिंगच्या आतून येणारे ऑईलसुद्धा इंजिनाचेच असते असे नाही. गिअर बॉक्सच्या इनपुट शाफ्टचा सील गेला तर गिअर ऑईल त्याच खालच्या भोकातून पडते. ते ओळखायला नाक पुरेसे आहे, कारण गिअर ऑईलला गंधकाचा उग्र वास असतो आणि दोन बोटांत चोळले तर ते जाड लागते. आमच्या बोटावर आले ते मात्र काळे, पातळ, डिझेल इंजिनाचेच ऑईल होते. वरचे सगळे जोड पावडरीसकट कोरडे होते. म्हणजे गळती आतूनच होती. आत कॅमशाफ्टच्या, म्हणजे झडपा हलवणाऱ्या दांड्याच्या, मागच्या तोंडावर एक प्लग असतो आणि तोही गळू शकतो, पण ते फ्लायव्हील उतरवल्यावरच दिसणार होते.

नंतर मी ऑईल भरायच्या तोंडाचे झाकण काढून तिथेच उलटे ठेवले. इंजिन निरोगी असेल तर झाकण थोडे थरथरते आणि जागेवर राहते. या गाडीचे झाकण उड्या मारू लागले आणि दोन-तीन क्षणांत घरंगळून खाली पडले. आमच्या धंद्यात याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. सिलिंडरमधला दाब पिस्टन रिंगांना ओलांडून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या पोकळीत, उतरतो आणि ब्रीदरच्या पाइपातून बाहेर पडतो. थोडाबहुत दाब प्रत्येक इंजिनात उतरतोच. प्रश्न असतो तो किती उतरतो आणि त्याला बाहेर पडायला वाट आहे का याचा. वाट नसेल तर तो दाब इंजिनातल्या सर्वांत दुबळ्या जागेवर जाऊन ऑईलला बाहेर रेटतो, आणि ती जागा बहुतेक वेळा मागचा सील असते.

झाकण उडाले की रिंग-पिस्टनचे काम निघाले असा निष्कर्ष काढून मोकळे होणारे बरेच आहेत. मालकाचा चेहराही तेवढ्यात उतरला होता. पण मी ब्रीदरचा पाइप हाताने चाचपत खाली गेलो, तर इंजिनाच्या बाजूने वळण घेतो तिथे तो पाइप चपटा होऊन बसला होता. मूळचा पाइप कधीतरी फुटला असावा आणि त्याजागी कुणीतरी साधा पाण्याचा रबरी होज लावला होता. उष्णतेने आणि ऑईलच्या वाफेने तो मऊ पडून स्वतःवरच दुमडला होता. आत बोट घातले तर राखाडी चिखलासारखा गाळ निघाला. आम्ही तो होज काढून इंजिन पुन्हा सुरू केले, झाकण पुन्हा उलटे ठेवले, आणि या वेळी ते जागेवर थरथरत राहिले. रिंगा ठीक होत्या, इंजिनाला फक्त श्वास घ्यायला जागा नव्हती. मालक पाच मिनिटे त्या झाकणाकडे बघत उभा राहिला.

डिपस्टिकवरही एक गोष्ट दिसली. ऑईल वरच्या खुणेच्या बरेच वर होते. गळते आहे म्हणून तो रोज सकाळी अंदाजाने थोडे ओतत असे. त्याची काळजी मी समजू शकतो, पण जास्तीच्या ऑईलमध्ये क्रँक घुसळू लागला की फेस होतो आणि मागच्या सीलवर नको इतके ऑईल येऊन आपटते. ओतायचे ते मोजून, गाडी सपाटीवर उभी असताना आणि इंजिन बंद करून ऑईल खाली उतरल्यावरच ओतावे, हे मी त्याला तेव्हाच सांगितले.

गिअर बॉक्स उतरवण्याचे सविस्तर सांगत बसत नाही, कारण हे काम करणाऱ्यांना ते ठाऊक आहे आणि न करणाऱ्यांनी ते वाचून करू नये. दोनच गोष्टी सांगतो. चाकांना ओट, म्हणजे अडवणारे ठोकळे, लावल्याशिवाय आणि चासीखाली आधाराच्या घोड्या दिल्याशिवाय, नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही गाडीखाली जाऊ नये. दुसरे असे की, उतरवताना किंवा चढवताना गिअर बॉक्सचे वजन इनपुट शाफ्टवर लटकत ठेवू नये, कारण ते सगळे वजन क्लच प्लेटच्या मधल्या हबवर येते, प्लेट वाकते, आणि मग नवी प्लेट घालूनही क्लच ओढत राहतो. प्रोपेलर शाफ्ट सोडण्यापूर्वी फ्लँजवर पंचाची खूण करावी, म्हणजे तो होता तसाच परत बसतो.

क्लच उघडला तेव्हा प्लेटची लायनिंग ऑईलने काळी होऊन काचेसारखी चमकत होती. अशी प्लेट पेट्रोलने धुऊन परत लावणारे लोक मी पाहिले आहेत. लायनिंगने पोटात घेतलेले ऑईल गरम झाल्यावर पुन्हा वर येते, त्यामुळे ती प्लेट टाकूनच द्यावी लागते. फ्लायव्हील सोडण्यापूर्वी मी डायल गेज लावून क्रँकची पुढे-मागे हालचाल मोजली. या इंजिनासाठी ती ०.१० ते ०.४३ मिलिमीटर एवढी चालते आणि आमची मर्यादेत होती. ही पाच मिनिटांची मोजणी टाळू नये असे मी का म्हणतो, तर ज्या चालकाचा पाय गाडी पळतानाही क्लचच्या पेडलवर टेकलेला असतो, त्याच्या गाडीत क्रँक सतत पुढे ढकलला जातो आणि त्याची ही हालचाल आवरणारे थ्रस्ट बेअरिंग झिजते. तसा क्रँक पुढे-मागे खेळू लागला तर जगातला कोणताही सील त्याच्यावर टिकणार नाही.

फ्लायव्हील निघाल्यावर कॅमचा प्लग पाहिला, तो कोरडा होता. गळती सीलचीच होती, आणि सगळ्या बाजूंनी नव्हती. घड्याळात साधारण चार वाजतात त्या जागेपासून एक ओली रेघ खाली उतरलेली होती, बाकी कडे कोरडे होते. एकाच जागेवरून गळणारा सील पाहिला की मला बसवणाऱ्याच्या हाताची शंका येते. सील काढायला त्याच्या पत्र्यावर समोरासमोर दोन बारीक भोके पाडली, ड्रिलला ग्रीस लावून, म्हणजे कीस आत न जाता ग्रीसलाच चिकटतो. त्या भोकांत पत्र्याचे स्क्रू फिरवले आणि स्लाइड हॅमरने एकदा इकडून, एकदा तिकडून असे करत सील बाहेर ओढला. स्क्रू-ड्रायव्हर खुपसून सील उचकटण्याची सवय क्रँकवर ओरखडा पाडते, आणि तो ओरखडा मग त्या इंजिनाच्या आयुष्यभर राहतो.

सील उलटा करून उजेडात धरला तेव्हा सगळे कळले. चार वाजताच्या जागी त्याची लिप, म्हणजे क्रँकला टेकणारी आतली पातळ कड, दोन बोटे लांबीपर्यंत उलटी दुमडली होती. बसवताना ती क्रँकच्या कडेला अडकून मागे वळली असणार आणि कुणाच्या लक्षात आले नसणार. शिवाय क्रँकवर, जिथे लिप टेकते तिथे, एक गोल खाच पडलेली होती. ती डोळ्यांना नुसती चकाकणारी रेघ दिसते, पण अंगठ्याचे नख आडवे फिरवले की नख अडते. मी मालकाचा हात धरून त्याचे नख तिथे फिरवले. "हे इथं अडतंय," तो म्हणाला. जिथे नख अडते तिथे साधा नवा सील बसवून उपयोग नसतो. आधीच्या ठिकाणी मात्र त्याच खाचेवर नवा सील ठोकला गेला होता.

अशा क्रँकसाठी पातळ पोलादी स्लीव्ह मिळते. ती क्रँकच्या टोकावर घट्ट चढवली की झिजलेली जागा झाकली जाऊन लिपला नवा, गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो. स्लीव्हमुळे क्रँकचा व्यास किंचित वाढतो, म्हणून सीलही त्याच मापाचा, स्लीव्हसोबतच्या जोडीतला घ्यावा लागतो. साध्या क्रँकचा सील स्लीव्हवर चढवला तर लिप ताणली जाऊन लवकर जळते. दुकानदार दोन्ही वेगवेगळे देऊ करतो तेव्हा घाईत ही चूक होते. आम्ही साताऱ्यात जोडी मिळेपर्यंत एक दिवस थांबलो. मालकाला तो दिवस जड गेला, पण त्याने घाई केली नाही, याबद्दल मला त्याचे मनापासून कौतुक वाटते. स्लीव्ह चढवण्यापूर्वी क्रँकचा गंज बारीक पॉलिश पेपरने काढला, तोही गोलाकार दिशेनेच. पेपर पुढे-मागे ओढला तर त्या आडव्या रेघांतून ऑईलला बाहेर यायला वाटा तयार होतात.

आता ज्यासाठी हे सगळे लिहायला बसलो ते सांगतो. स्लीव्ह चढली, नवा सील खोक्यातून बाहेर आला, आणि वस्तादांनी सवयीप्रमाणे ऑईलच्या डब्यात बोट बुडवले. ते बोट लिपवर फिरणार एवढ्यात मी त्यांचा हात धरला. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मला माझी पहिली उमेदवारी आठवली.

"कोरडा सील चढवू? अरे, पहिल्याच फेऱ्यात जळंल तो," ते म्हणाले.

त्यांचे म्हणणे त्यांच्या अनुभवात पूर्णपणे खरे होते. टाटा आणि डाइमलर-बेंझ यांच्यात १९५४ साली करार झाला, आणि त्यातून आलेल्या ट्रकांवर आमच्याकडची मिस्त्रींची आख्खी पिढी घडली. वस्ताद त्या पिढीतले. तेव्हाच्या अनेक इंजिनांत मागे दोरीचा सील असे. ती दोरी ऑईलमध्ये भिजत घालायची, खाचेत दाबून बसवायची आणि टोके ब्लेडने साफ कापायची. दोरी कोरडी बसवली तर क्रँकच खराब होई. पुढे रबरी लिपचे सील आले. त्यांच्या आत बारीक गोल स्प्रिंग असते आणि त्यांनाही बसवताना ऑईलचा हात लावावा लागतो. म्हणजे त्यांच्या हाताने जवळपास पन्नास वर्षे सीलला ऑईल लावले आणि ते प्रत्येक वेळी बरोबरच होते.

या इंजिनाच्या सीलची लिप मात्र रबराची नाही. ती पीटीएफईची आहे, म्हणजे १९३८ साली अमेरिकेत एका प्रयोगात अनपेक्षितपणे सापडलेला आणि आज नॉनस्टिक तव्यावर आपण रोज पाहतो तोच पदार्थ. या लिपला स्प्रिंग नसते. पहिल्या काही फेऱ्यांत ती स्वतःचा अतिशय पातळ थर क्रँकवर चढवते आणि पुढे आयुष्यभर त्या थरावर घासत राहते. मध्ये ऑईल असेल तर हा थर नीट बसत नाही आणि सील पहिल्या दिवसापासून पाझरू लागतो. म्हणून लिप आणि क्रँक दोन्ही पूर्ण कोरडे आणि स्वच्छ हवेत, बोटाचा तेलकट ठसासुद्धा नको. खोक्यात सीलच्या आत प्लॅस्टिकचे एक कडे बसवलेले येते. पुष्कळ जण ते पॅकिंग समजून काढून फेकतात. ते लिपला तिच्या आकारात धरून ठेवते आणि क्रँकच्या कडेवरून सुखरूप पुढे सरकवते. आधीच्या कामात ते कडे फेकले गेले असावे असे त्या दुमडलेल्या लिपवरून मला वाटते.

हे सारे मी वस्तादांना सांगितले आणि खोक्यातला कागद त्यांच्यासमोर धरला. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी लिपच्या कडेवरून बोट न लावता नुसती नजर फिरवली आणि विचारले, "स्प्रिंग कुठंय याची?" स्प्रिंग नाही हे पाहिल्यावर त्यांनी ऑईलचा डबा पायाने बाजूला सारला. पुढचे काम त्यांनीच केले. क्रँक आणि सील ज्यात बसतो त्या कव्हरची बैठक सॉल्व्हंटने पुसून, नव्या सुती फडक्याने कोरडी केली. प्लॅस्टिकचे कडे क्रँकच्या टोकावर टेकवून सील त्यावरून सरकवला, कडे काढून घेतले, आणि बसवायचे टूल लावून बारा, सहा, तीन, नऊ अशा क्रमाने हलके हलके ठोकत सील सरळ आत नेला. त्यांच्या हातातला हातोडा मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. सील तळाला टेकला की आवाज बदलतो, आणि तो बदलताच त्यांनी हात थांबवला.

फ्लायव्हीलचे बोल्ट टॉर्क रेंचने, समोरासमोरच्या क्रमाने, १३७ न्यूटन-मीटरवर ओढले. नवी क्लच प्लेट जुन्या इनपुट शाफ्टचा तुकडा घालून मध्यावर आणली. पायलट बेअरिंग आणि रिलीज बेअरिंग दोन्ही बदलली, कारण त्यासाठी पुन्हा गिअर बॉक्स उतरवणे कुणाला परवडणार नव्हते. ब्रीदरला ऑईल सोसणारा योग्य जाडीचा पाइप लावला आणि ऑईल डिपस्टिकच्या खुणेपर्यंतच भरले.

दिवाळीनंतर तो मालक परत आला, ग्रीसिंगसाठी. मी गाडीखाली जाऊन बेल हाऊसिंगच्या खालच्या भोकात वर्तमानपत्राचा तुकडा गुंडाळून फिरवला. कागदावर धूळ आली, ऑईल आले नाही. बाहेर येऊन तो कागद मी वस्तादांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि खिशात ठेवला.

त्यानंतर आमच्याकडे आणखी एका गाडीचा मागचा सील आला. खोके उघडण्यापूर्वी वस्तादांनी पोराला हाक मारली आणि म्हणाले, "आधी साबण आण."